पागोळी ड्रोनला दिसत नाही

इंदुरात मल्हारगंजात आमच्या नानांचा जुना वाडा आहे. वाडा कसला, वाटण्या होऊन होऊन उरलेला तुकडा, तीन खोल्या खाली, दोन वर आणि शेजारच्यांशी सामाईक भिंत. मागच्या दिवाळीत फराळाला गेलो तेव्हा लॅपटॉप सोबत होता आणि त्यात नेमका त्याच भागाचा ड्रोनने काढलेला ऑर्थोफोटो (वरून काढून नकाशासारखा मापात बसवलेला फोटो) होता, तीन सेंटीमीटरचा एक पिक्सेल, म्हणजे गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया मोजाव्यात इतका साफ. नानांनी चष्मा कपाळावर ढकलला, स्क्रीनला नाक लावलं आणि म्हणाले, "पत्रा दिसतोय रे, भिंत कुठंय?"

मी म्हटलं, "नाना, भिंत पत्र्याखाली आहे."

"ते मला माहितीय. तुझ्या ड्रोनला माहितीय का?"

आता ह्याला काय उत्तर देणार. आमचा पत्रा भिंतीच्या दीड-दोन फूट पुढे आलाय, मागच्या बोळावर. पावसात त्याची पागोळी पलीकडच्यांच्या ओट्यालगत पडते आणि ती कुणाच्या हद्दीत पडते ह्यावरून आमच्या आजोबांच्या काळात भांडण पार कोर्टात गेलं होतं. आता कुठल्यातरी दुसऱ्या शहरात एसीत बसलेला पोरगा ह्या फोटोवर माऊसने रेघ मारणार, आणि तो रेघ पत्र्याच्या कडेनेच मारणार, त्याची काय चूक, त्याला दुसरं काही दिसतच नाही. दोन घरांवर एकच लांब पत्रा असला तर दोन घरांचं एक घर होणार. झालं, आजोबांनी जी केस वीस वर्षं लढली ती दोन क्लिकमध्ये निकालात.

मी ह्याच धंद्यातला माणूस आहे हो, गैरसमज नको. विजयनगरला छोटंसं ऑफिस, चार पोरं, दोन ड्रोन, एक डीजीपीएसचा (जागा नेमकी सांगणाऱ्या जीपीएसचा) सेट आणि भरपूर उधारी. ड्रोनवर माझी चूल पेटते. पण सोळा-सतरा वर्षं हे करून माझं मत पक्कं होत चाललंय की आपला देश वरून फोटो काढण्यात एक नंबर झालाय आणि खाली उतरून तो फोटो खरं बोलतोय का हे बघण्यात ढ राहिलाय. आणि दुसऱ्या कुणी बघावं म्हटलं तर तेही होत नाही, कारण नकाशा ज्याने बनवला त्याच्याच कपाटात बंद.

वरच्या बाजूची प्रगती खरंच छाती फुगावी अशी आहे. १९६६ मध्ये डच लोकांच्या मदतीने डेहराडूनला फोटो-इंटरप्रिटेशनची संस्था निघाली, तीच आजची आयआयआरएस, भारतीय सुदूर संवेदन संस्था. पुढे ह्या विषयाच्या लोकांनी आपली सोसायटी काढली आणि तिच्या जर्नलचं नाव ठेवलं फोटोनिर्वाचक. निर्वाचक म्हटलं की आम्हा मध्य प्रदेशवाल्यांना थेट मतदार यादीच आठवते, पण शब्द सुंदर आहे, फोटो वाचणारा, त्याचा अर्थ लावणारा. १९७० मध्ये पिशारोटी सरांनी केरळात हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फोटो काढून रोगट नारळाची झाडं ओळखायचा प्रयोग केला, भारतातलं रिमोट सेन्सिंग, म्हणजे लांबून फोटो घेऊन जमिनीची माहिती काढणं, तिथून सुरू झालं असं मानतात. मग १७ मार्च १९८८ ला आयआरएस-१ए हा उपग्रह बैकोनूरहून रशियन रॉकेटवर गेला, त्याच्या बऱ्या कॅमेऱ्याचा एक ठिपका ३६ मीटरचा, म्हणजे आमच्या राजवाड्यासमोरची बाग चार-पाच ठिपक्यांत संपली. २००५ च्या कार्टोसॅट-१ वर दोन कॅमेरे, एक २६ अंश पुढे बघणारा, दुसरा ५ अंश मागे, दोन डोळ्यांनी बघितल्यावर जशी खोली कळते तशी जमिनीची उंची त्यातून निघते, फोटोग्रामेट्री म्हणजे मुळात एवढंच. २०१९ चा कार्टोसॅट-३ पाव मीटरपर्यंत पोचला. ३० जुलै २०२५ ला नासासोबतचा निसार गेला, तो रडारवाला, रात्र असो ढग असो त्याला फरक पडत नाही. ३६ मीटरवरून पाव मीटर, एकतीस वर्षांत. ह्याला नाव ठेवणारा मी कोण.

पण ह्या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट आहे आणि ती आपल्याच माळव्याच्या वेशीवरची आहे, तरी इंदुरात विचारा, दहात एकाला माहीत नसेल. विदिशा जिल्ह्यात सिरोंज आहे, तेच सिरोंज जे यशवंतराव होळकरांनी अमीरखानाला दिलं. त्याच्याजवळ कल्याणपूर नावाचं ठिकाण, आणि हिंदुस्थानच्या जुन्या सगळ्या नकाशांचा मूळ बिंदू तिथे. म्हणजे काश्मीरची टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचा सविस्तर नकाशा) असो की केरळची, तिच्या अक्षांश-रेखांशाचा हिशोब ह्या कल्याणपूरपासून सुरू. १८०२ मध्ये मद्रासजवळ इंग्रज अधिकारी लॅम्ब्टनने त्रिकोण जोडत मोजायला सुरुवात केली, तो १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला गेला, कबर अजून तिथेच आहे, आणि काम आलं जॉर्ज एव्हरेस्टकडे. एव्हरेस्टने सिरोंजला सात मैलांपेक्षा लांब रेषा जमिनीवर साखळीने मोजली, १८२४ मध्ये. आणि नंतर १८३७-३८ मध्ये तीच रेषा परत मोजली, नव्या जास्त भरवशाच्या दांड्यांनी. परत! हत्ती, तंबू, मलेरिया, सगळा लवाजमा घेऊन. आणि डेहराडूनलाही अशीच रेषा जमिनीवर मोजून ठेवलेली होती, मधले शेकडो मैल नुसते त्रिकोणांचं गणित. गणितातून आलेली लांबी आणि जमिनीवर मोजलेली लांबी, सात मैलांत फरक निघाला काही इंचांचा.

साहेबांची आरती ओवाळायची नाहीये मला, ती मोजणी साहेबाने आपल्यावर राज्य करायला केली होती. पण त्या कामात तपासणीचा खर्च हा कामाचाच भाग होता, वर चिकटवलेला कागद नव्हता.

आता माझंच सांगतो, दुसऱ्याकडे बोट कशाला दाखवू. सात-आठ वर्षांपूर्वी बायपासच्या पलीकडे एका नव्या कॉलनीचं काम होतं, नाल्याचा उतार काढून द्यायचा. लांबट पट्टा, ड्रोन उडवला, फोटोंचा ओव्हरलॅप ऐंशी टक्के ठेवला, कंट्रोल पॉइंट (जमिनीवर नेमक्या मोजलेल्या खुणा, ज्यांच्यावर मॉडेल बसवतात) फक्त चार कोपऱ्यांना टाकले कारण ऊन मरणाचं होतं आणि पार्टीला रिपोर्ट सोमवारी हवा होता. सॉफ्टवेअरने छान रंगीत मॉडेल दिलं, एरर दोन सेंटीमीटर, आम्ही खूश. आमच्याकडे अधूनमधून एक रिटायर्ड सर्व्हेयर काका येतात, आयुष्य डम्पी लेव्हल आणि स्टाफवर, म्हणजे उंची मोजायच्या दुर्बिणीवर आणि पट्टीवर, काढलेलं. ते म्हणाले मी एकदा चक्कर मारतो. मारली. मधल्या भागात आमची उंची दीड फूट जास्त. लेन्सचा बारीकसा वाक सॉफ्टवेअरने चुकीचा धरला आणि मधे पकडून ठेवणारा एकही पॉइंट नसल्यामुळे सगळी जमीन पुरीसारखी फुगली, ह्याला डोमिंग म्हणतात. आमच्या डिझाइनप्रमाणे पाणी नाल्यातून उलटं कॉलनीत आलं असतं. आणि ते दोन सेंटीमीटर? ते त्याच चार पॉइंटांवरचे, ज्यांच्यावर मॉडेल बसवलं होतं. म्हणजे गाइडातून उतरवलेला पेपर गाइडाशीच ताडून पाहिला आणि पैकीच्या पैकी दिले.

काका एवढंच म्हणाले, "अरे भिया, पाणी काय तुझ्या लॅपटॉपचं ऐकणारे?"

त्या दिवसापासून मी वेगळे चेक पॉइंट टाकतो, जे प्रोसेसिंगला द्यायचेच नाहीत, बाजूला झाकून ठेवायचे आणि शेवटी उघडायचे. त्याने खर्च वाढतो आणि माझे टेंडर जातात. खरं सांगतोय. बहुतेक ठिकाणी हे काम चौरस किलोमीटरच्या भावाने सुटतं, सगळ्यात कमी बोली त्याचं काम, आणि भाव पाडायचा म्हणजे काय कापायचं? ड्रोन तर उडवावाच लागतो, फोटो तर दाखवावे लागतात. उन्हात फिरणारा माणूस कापतात. कंट्रोल पॉइंट दहाचे चार होतात, चेक पॉइंट कागदावर उगवतात. शेवटी अचूकतेचा तक्ताही ठेकेदारच भरून देतो, त्यावर सही करणाऱ्याला ते सगळं बघायला ना वेळ ना माहिती. ह्यावर उपाय काही रॉकेट सायन्स नाहीये. तपासणीचं काम वेगळं काढा, वेगळ्या माणसाला द्या, वेगळे पैसे द्या, आणि उडवणाऱ्याला कळू देऊ नका की पॉइंट कुठे आहेत. घर बांधताना आपण ठेकेदारालाच सुपरव्हायझर नेमतो का?

स्वामित्व योजनेचंच बघा. चांगली योजना आहे, मी मनापासून म्हणतोय. गावातल्या घराच्या जागेला, ज्याला इथे आबादी म्हणतात आणि महाराष्ट्रात गावठाण, पिढ्यानपिढ्या धड कागद नव्हता, शेताचा खसरा, म्हणजे नोंदीचा कागद, होता पण राहत्या घराचा काही नाही. २४ एप्रिल २०२० ला योजना आली, लोक आपापल्या हद्दीवर चुना टाकतात, ड्रोन वरून जातो, मग नकाशा गावात परत येतो, हरकती घेतात, मग कार्ड. चुना हा त्यातला सगळ्यात शहाणा भाग आहे, कारण हद्द ड्रोनला दिसत नाही, हद्द माणसांना माहीत असते, ती माणसांनी आधी जमिनीवर लिहायची. पण १८ जानेवारी २०२५ ला कार्डवाटपाचा मोठा कार्यक्रम झाला तेव्हाचे सरकारी आकडे बघा, ड्रोन उडून झाला ३.१७ लाख गावांवर आणि कार्डं तयार झाली १.५३ लाख गावांची. निम्म्याहून कमी. मधली जी गावं आहेत ती आकाशात अडकलेली नाहीत, ती जमिनीवर अडकलीत. फोटो आलाय, पण तो घेऊन दारोदार फिरणार कोण, हरकत कोण ऐकणार, भावाभावांत समजूत कोण घालणार. पटवारी (तलाठी) एक, हलके (सज्जे) दोन-दोन, त्यातच निवडणूक, गिरदावरी (पीकपाहणी), नामांतरण (फेरफार). ड्रोन दिवसात पाच गावं करतो म्हणून कौतुक करायचं आणि पटवाऱ्याच्या रिकाम्या जागांबद्दल बोलायचं नाही, हे माझ्या तरी डोक्यात बसत नाही.

शहरांसाठी आता नक्शा नावाचा कार्यक्रम आलाय, १८ फेब्रुवारी २०२५ ला आपल्या रायसेनहूनच सुरू झाला, १५२ शहरं, १९४ कोटी. इंदूर त्यात नाही, पहिल्या फेरीत छोटी शहरं घेतलीत, पण आज ना उद्या येणारच. त्यात नुसता सरळ खाली बघणारा कॅमेरा नाहीये, तिरपे कॅमेरे आहेत, काही ठिकाणी लायडारही (लेझरने अंतर मोजणारं यंत्र) आहे, म्हणजे पत्रा म्हणजे भिंत नव्हे हे कुणीतरी ओळखलंय, बरं वाटलं. पण मल्हारगंजातल्या चार फुटी बोळात तिरपा कॅमेरासुद्धा काय झक मारणार, तिथे टेप घेऊन माणूसच जायला लागेल आणि तो बोळात शिरला की दोन्हीकडच्या बायका त्याला इतिहास सांगणार, तो ऐकायला लागेल.

आणि एक असं उदाहरण आहे जे इंदुरात राहणाऱ्याने लिहिताना हात थोडा थांबतो. ३० मार्च २०२३, रामनवमी, बेलेश्वर महादेवाचं मंदिर. हवन चालू होतं, लोक जिथे बसले होते ती जमीन नव्हती, जुन्या बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, टाकलेला स्लॅब होता. तो गेला आणि ३६ माणसं गेली. ह्या शहरात त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून सॅटेलाइट इमेज होत्या, तुमच्या माझ्या मोबाइलमध्येही होत्या, आणि त्या प्रत्येक इमेजमध्ये तिथे एक छान छप्पर दिसत होतं. वरून बघणाऱ्याला छप्परच दिसणार. बावडी कुठे दिसते? बावडी उघडी होती तेव्हाच्या फोटोत दिसते, काळा चौकोन, आत उतरत गेलेली सावली, आणि जोडीने दोन फोटो असले तर स्टिरिओस्कोपखाली तो खड्डा अक्षरशः खोल जातो, मी दुसरीकडच्या विहिरी अशा बघितल्यात, पोटात गोळा येतो. सर्व्हे ऑफ इंडियाने कित्येक दशकं हवाई फोटोंवरूनच टोपोशीट बनवल्या. त्या फोटोंची स्कॅन उघडी केली आणि शहरातल्या कुठल्याही इंजिनिअरिंगच्या पोरांना सांगितलं की जुना फोटो आजच्यावर ठेवा आणि जिथे जिथे खड्डा गायब झालाय तिथे टिंब द्या, तर एका सेमिस्टरचं काम आहे. मग त्या टिंबांवर जाऊन दार वाजवायचं. असं केलं असतं तर तो दिवस टळला असता असा दावा करायची माझी लायकी नाही. पण तळघरांची, बुजवलेल्या विहिरींची, वळवलेल्या नाल्यांची माहिती नव्या चकचकीत फोटोत नसते, जुन्या करड्या फोटोत असते, आणि आपण नव्यावर कोटी घालतो, जुन्याची धूळ झटकत नाही. (सरस्वती आणि कान्ह नद्यांच्या काठची आजची पूररेषा जुन्या फोटोवर एकदा टाकून बघाच कुणीतरी.)

माळव्यातला शेतकरी मात्र ह्या सगळ्यात माझ्यापेक्षा पुढे आहे, त्याला वरच्या फोटोची मर्यादा बरोबर कळलीय. २०२३ च्या खरिपापासून पीकविम्यात धान आणि गव्हाचं उत्पादन ठरवताना सॅटेलाइटच्या अंदाजाला कमीत कमी ३० टक्के वजन आलं, पुढे सोयाबीनही त्यात घेतलं. कल्पना चुकीची नाही, जुन्या पीक कापणीच्या प्रयोगात काय काय चालायचं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण सोयाबीनचं एक दुखणं असतं, अफलन म्हणतात इकडे, झाड उभं, पान हिरवंगार, फुलोरा येऊन गेलेला आणि शेंगाच नाहीत, किंवा शेंग आहे आणि आत दाणा नाही. सॅटेलाइट मुख्यतः पानाची हिरवाई वाचतो. त्याच्या लेखी ते पीक ठणठणीत. वर ऑगस्टात माळव्यावर ढग असे बसलेले असतात की साध्या कॅमेऱ्याला दिवसचे दिवस काही दिसत नाही, रडारला दिसतं पण रडारलाही शेंग दाबून बघता येत नाही. देपालपूरकडचे एक दाजी मला म्हणाले, "आमच्या सोयाबीनचा फोटो सुंदरच येतो साहेब, लग्नाला दाखवण्यासारखा."

मग काय करायचं, बंद करायचं? नाही. कुठल्या तारखेची इमेज घेतली, ढग किती होते, खाली किती शेतात माणूस प्रत्यक्ष जाऊन आला आणि त्या शेतांत अंदाज कितीने चुकला, एवढ्या चार ओळी हलक्याच्या पंचायत भवनावर चिकटवा. दाजींना हिशोब कळतो. त्यांना मंडीत एका काट्यावर वजन पटलं नाही तर दुसऱ्या काट्यावर करून घेता येतं, इथे दुसरा काटाच नाही.

उघडेपणाचा आग्रह मी ह्याचसाठी धरतो, तत्त्वज्ञान म्हणून नाही. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा टोपोशीट कपाटात कुलूप लावून, बघायची तर सरांच्या समोर. आणि ती जीपीएसवर तशीच टाकली की शंभरेक मीटर सरकलेली, कारण तिचा पाया कल्याणपूरचा आणि जीपीएसचा वेगळा, आमच्या एका मित्राने ह्यातून नदी रस्त्यावरून वाहवली होती आणि वायवात ठामपणे सांगितलं की पूर आला असेल सर. गंमत सोडा, पण १५ फेब्रुवारी २०२१ च्या गाइडलाइन्सनी देशी माणसाला नकाशा बनवायला आधी परवानगी मागत फिरायची कटकट संपवली, त्याच वर्षी ड्रोनचे नियम सुटसुटीत झाले, २०२३ च्या स्पेस पॉलिसीने इस्रोचा ५ मीटर आणि त्याहून जाड डेटा सगळ्यांना फुकट असं लिहून टाकलं, इस्रोच्या भूनिधी पोर्टलवर आज कुणीही जाऊन घेऊ शकतो. ही सगळी पावलं बरोबर पडलीत. तरी माझ्याकडे इंटर्नशिपला येणारी पोरं पहिल्यांदा युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाचा डेटाच उतरवतात, सवयीने आणि सोयीने, आणि आपला ५.८ मीटरचा लिस-४ कॅमेरा असतो हे त्यांना मी सांगतो तेव्हा कळतं. २०२२ च्या जिओस्पेशियल पॉलिसीत तर २०३० पर्यंत शहरं-गावं ५ ते १० सेंटीमीटरवर आणि सपाट भागाची उंची २५ सेंटीमीटरच्या अचूकतेत आणायचं ठरवलंय. ती २५ सेंटीमीटर खरी की आमच्या पुरीसारखी फुगलेली, हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार, जर चेक पॉइंट आणि त्यांचा निकाल नकाशासोबत छापलाच नाही? सिक्युरिटीचं म्हणाल तर महूची छावणी आमच्या दारात आहे, तेवढा तुकडा झाका की, कोण नाही म्हणतंय. पण मल्हारगंजाचा उतार आणि सोयाबीनची तारीख ह्यात कसली आलीय सिक्युरिटी. आणि एकाच रस्त्याचा नकाशा पाणीवाले वेगळा करतात, ड्रेनेजवाले वेगळा, वीजवाले वेगळा, प्रत्येकाचा दुसऱ्याशी फूटभर जुळत नाही आणि शेवटी जेसीबी सांगतो पाइप कुठे होता, ह्यावर लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल.

नानांचं म्हणाल तर त्यांनी वाट बघायची नाही असं ठरवलंय. परवा गेलो तर मागच्या बोळात शेजारचे काका आणि ते, दोघंही पंच्याहत्तरीच्या पुढचे, एक टेपचं टोक धरून आणि एक चुन्याची डबी धरून उभे. पत्र्याच्या काठाखाली नव्हे, भिंतीच्या पायथ्याला पांढरी रेघ ओढत होते. मी म्हटलं नाना, इथे अजून ड्रोनबिन काही येणार नाहीये. तर म्हणाले, "येऊ दे न येऊ दे, आम्ही दोघं आहोत तोवर रेघ मारून घेतो, पोरांना कुठे माहितीय." शेजारचे काका म्हणाले फोटो काढ आमचा, खालून काढ पण. काढला. आता हा फोटो कुठल्या खात्यात जमा करायचा तेवढं बघतोय.